मृत्यूचे पान निघाले? आधी चित्र नीट पाहा

टॅरोच्या पत्त्यांविषयी वाचकांचे जे प्रश्न माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात: ‘आज माझे अमुक पान निघाले, आता काय होईल?’ मुलीच्या साखरपुड्याच्या आठवड्यात कोसळता मनोरा निघाला, तर तारीख पुढे ढकलावी का, असे एका ताईंनी विचारले. एका तरुणाने उलट्या टांगलेल्या माणसाच्या पानाचा फोटो पाठवून ‘ही कुणी केलेली करणी तर नाही ना?’ असे लिहिले. दोघांनाही मी एकच उलटा प्रश्न केला: त्या पानावर काय काय काढले आहे, ते सांगाल का? दोघांनी पानाचे नाव तेवढे सांगितले. चित्र कुणीच नीट पाहिले नव्हते.

टॅरोने भविष्य कळते असे मी मानत नाही. पण ही चित्रे मला फार मोलाची वाटतात, आणि ती पाहायला शिकल्यावर माणसांची भीती कशी उतरते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पानाचा अर्थ सांगून कुणी तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर तो चित्रातले बोलतो आहे की मनातले, हेही मग तुम्हाला ओळखता येईल.

आधी संच ओळखा

‘एका पुस्तकात या पानाचा एक अर्थ दिला आहे, दुसऱ्यात भलताच. खरा कोणता?’ बहुतेक वेळा दोन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर असतात, पण ती वेगवेगळ्या संचांविषयी बोलत असतात. संच बदलला की चित्र बदलते आणि चित्रामागोमाग अर्थही. बाजारात संच शेकडो आहेत; त्यांची मुख्य घराणी मात्र मोजकी:

- इटलीतले जुने संच. टॅरो जन्मला उत्तर इटलीत, १४४० च्या आसपास, आणि तोही खेळ म्हणून. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर हाताने रंगवलेला संच यांत सर्वांत प्रसिद्ध. त्याची ७४ पाने आज शिल्लक आहेत. गंमत अशी, की सैतान आणि मनोरा ही दोन्ही पाने त्यांत नाहीत.
- मार्सेय संच. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये लाकडी ठशांवरून छापलेला. निकोला कॉन्व्हेरचा १७६० चा संच आजही पुन्हा छापला जातो. यातल्या साध्या पानांवर प्रसंग नसतो. पाच पेले म्हणजे मोजून पाच पेले.
- रायडर-वेट-स्मिथ संच. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकांनी काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. आपल्याकडच्या दुकानांत दिसणारे बरेचसे संच हेच, किंवा यावरून बेतलेले.
- थॉथ संच. अलेस्टर क्रोली आणि चित्रकार फ्रीडा हॅरिस यांचा. चित्रे १९३८ ते १९४३ या काळातली, पत्ते म्हणून छापला गेला १९६९ मध्ये. यात काही पानांची नावेच बदललेली आहेत, त्यामुळे वेट यांच्या पुस्तकावरून हा संच वाचू नका.

तुमचा संच कोणता, हे कळायला दोन मिनिटे पुरतात:

१. आठव्या क्रमांकाचे मोठे पान काढा. सिंहाचे तोंड धरणारी स्त्री असेल, तर संच वेट-स्मिथ घराण्यातला. हाती तराजू घेतलेली न्यायदेवता असेल, तर मार्सेयच्या परंपरेतला. वेट यांनी ८ आणि ११ या पानांची अदलाबदल केली होती. थॉथ संचातही आठव्या पानावर न्यायाचेच चित्र आहे, पण त्याची भौमितिक, आधुनिक रंगरेषा लगेच वेगळी कळते.

२. तलवारींची तिर्री पाहा. लाल हृदयात घुसलेल्या तीन तलवारी आणि मागे पाऊस दिसला, की ते पामेलाचे चित्र.

३. पानाच्या कोपऱ्यात वेलीसारखी वळलेली छोटी सही शोधा. ती पामेलाच्या नावाची आद्याक्षरे आहेत. सही पुसलेली असेल, तर तुमच्या हातात नक्कल असण्याचा संभव मोठा.

आणि इजिप्तचे काय? टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे, ही कथा १७८१ मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ यांनी छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यों यांनी ती उलगडली १८२२ मध्ये. पानांचा अर्थ सांगणारा इजिप्तपासून सुरुवात करत असेल, तर पुढचेही तपासून घ्या.

हुकूम आणि चार रंग

एकूण पाने ७८. त्यांतल्या २२ पानांना पुस्तके ‘मेजर अर्काना’ म्हणतात. आपल्या पत्त्यांच्या भाषेत ही हुकमाची पाने: मुळात ती खेळात इतर पानांना मारण्यासाठीच होती. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात हा खेळ आजही खेळतात. उरलेल्या ५६ पानांचे चार रंग, प्रत्येकी १४ पाने: एक्का ते दश्शी, मग गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा.

- पेले (कप्स): भावना, नाती. आपल्या पत्त्यांतला बदाम साधारण याच्या जागी.
- तलवारी (स्वोर्ड्स): विचार, वाद, दुःख. इस्पिक.
- काठ्या (वॉन्ड्स): काम, जोम, उपक्रम. किलवर.
- नाणी (पेंटॅकल्स): पैसा, शरीर, घरदार. चौकट.

हे चार रंग युरोपात इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या पत्त्यांवरून आले. (इजिप्त असे मध्ययुगात येते, पुरोहितांमार्फत नव्हे.) इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या मामलुक पत्त्यांवर पेले, तलवारी, नाणी आणि पोलो खेळायच्या काठ्या आहेत. युरोपात पोलो ठाऊक नव्हता, म्हणून तिथे त्यांच्या साध्या काठ्या झाल्या. त्या पत्त्यांवर ‘कंजिफा’ हा शब्दही आढळतो. सावंतवाडीच्या राजवाड्यात लाखेचा लेप दिलेले गोल गंजिफा रंगवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. टॅरो आणि गंजिफा एकच नव्हेत. पण मासा दिसला की मत्स्यावतार, हे जसे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागत नव्हते, तशी टॅरोवरची चिन्हे त्या काळच्या युरोपीय माणसाला सहज कळत होती. आपल्याला ती शिकून घ्यावी लागतात, एवढाच फरक.

पान पाहायचे कसे: मृत्यूच्या पानावरून

वेट-स्मिथ संचातले १३ क्रमांकाचे पान समोर ठेवा. नाव अंगठ्याने झाका. आता या क्रमाने पाहा.

पहिल्यांदा माणसे मोजा. पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा. त्याच्या पायाशी राजा मरून पडला आहे, मुकुट बाजूला घरंगळला आहे. सोनेरी झग्यातला धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एका तरुणीने गुडघे टेकून तोंड फिरवले आहे. तिच्याजवळचे लहान मूल मात्र सरळ सांगाड्याकडे पाहते आहे. सत्ता, धर्म, तारुण्य, बालपण: चौघांची चार उत्तरे. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या भिंतींवर मृत्यू राजापासून बाळापर्यंत सगळ्यांना नाचत नेतो, अशी चित्रे काढत. हे पान त्याच परंपरेतले आहे.

मग हातातल्या वस्तू. सांगाड्याच्या हातात कोयता नाही, निशाण आहे, आणि त्यावर पाच पाकळ्यांचा पांढरा गुलाब. मार्सेय संचात मात्र त्याच्या हातात कोयता असतो आणि पानावर नावच छापलेले नसते.

मग मागचा देखावा. नदी, तिच्यात होडी, आणि दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. वेट यांनी स्वतः याला अमरत्वाचा सूर्य म्हटले आहे. घाबरलेल्या वाचकांपैकी हा सूर्य पाहिल्याचे मला आजवर फार थोड्यांनी सांगितले आहे, आणि पानाचा अर्धा आशय तर तिथेच आहे.

मग शेजारची पाने. तेच दोन मनोरे १८ क्रमांकाच्या चंद्राच्या पानावर पुन्हा भेटतात. पांढरा घोडा १९ व्या, सूर्याच्या पानावर येतो आणि तिथे त्याच्यावर हसरे मूल बसलेले असते. एक चिन्ह दोन ठिकाणी दिसले, की दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा.

शेवटी नाव आणि पुस्तकातला अर्थ. आता अंगठा काढा. ‘एका टप्प्याचा शेवट, बदल’ हा पुस्तकी अर्थ कुठून आला, ते तुम्हाला आपोआप कळेल. कुणाचा जीव जाणार, असे या चित्रात कुठेही काढलेले नाही.

भीतीची आणखी तीन पाने

टांगलेला माणूस (१२). जुन्या इटलीत फितुरांची आणि दगाबाजांची बदनामी करण्यासाठी त्यांना एका पायाने उलटे टांगलेले दाखवणारी चित्रे शहरातल्या भिंतींवर रंगवत. या पानाला तिथे ‘गद्दार’ असेच नाव होते. वेट-स्मिथ संचात त्याच चित्राचा सूर पालटला आहे: चेहरा शांत, डोक्याभोवती तेजोवलय, आणि ज्या लाकडाला तो टांगला आहे त्याला हिरवी पाने फुटलेली. करणीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, की त्याचा चेहरा पाहा. हा माणूस तडफडत नाही. थांबणे, उलट बाजूने विचार करणे, काही सोडून देणे हे अर्थ त्या चेहऱ्यातून आले आहेत.

सैतान (१५). याच्याशेजारी ६ क्रमांकाचे प्रेमिकांचे पान ठेवा. मांडणी तीच: वर एक मोठी आकृती, खाली नग्न स्त्री-पुरुष. वर देवदूत होता, त्या जागी सैतान आला आणि दोघांच्या गळ्यात साखळ्या पडल्या. त्या साखळ्या नीट पाहा. फास इतके सैल आहेत, की डोक्यावरून सहज काढता येतील. व्यसन, हव्यास, सोडवत नाही असे नाते, हा अर्थ त्या सैल साखळीत आहे. भूतबाधेशी या पानाचा संबंध नाही.

मनोरा (१६). वीज पडते, शिखरावरचा मुकुट उडतो, दोन माणसे खाली कोसळतात. मुकुट म्हणजे गर्व, हे त्या चित्रपरंपरेत उघड आहे. बायबलमधला बाबेलचा मनोराही अनेकांना इथे आठवतो. साखरपुड्याच्या ताईंना मी कळवले, की तारीख बदलायची असेल तर कारण हॉल, कुणाचे आजारपण किंवा मुलीचे मन यांत शोधा, आणि त्यातही मुलीचे मन आधी. पत्त्यांना तुमच्या घरची तारीख ठाऊक नाही.

आपल्या नजरेला चकवणारी चिन्हे

- चार कोपऱ्यांतले माणूस, गरुड, सिंह, बैल. नियतीचक्र (१०) आणि जग (२१) या पानांवर दिसतात. ही विष्णू-शंकरांची वाहने नव्हेत. मूळ यहेज्केल या संदेष्ट्याच्या दर्शनात आहे. ख्रिस्ती कलेत तीच मत्तय, योहान, मार्क आणि लूक यांची चिन्हे झाली.
- सिंह आणि स्त्री (८). आपल्याला दुर्गा दिसते. तिथे मात्र ती धैर्य या सद्गुणाची मूर्ती आहे. शस्त्राविना, हलक्या हाताने सिंहाचे तोंड धरणारी.
- पांढरी लिली. जादूगाराच्या (१) पायाशी लाल गुलाबांबरोबर फुललेली. हे कमळ नव्हे. युरोपीय चित्रांत लिली मेरीच्या निर्मळपणाची खूण असते.
- पांढरा रंग. आपण अंत्ययात्रेला पांढरे घालून जातो, म्हणून पांढरा घोडा पाहून मन चरकते. तिथे तो शुद्धतेचा रंग आहे.
- दोन खांब. मुख्य पुजारिणीच्या (२) दोन बाजूंचे काळा आणि पांढरा खांब जेरुसलेममधल्या शलमोनाच्या मंदिराचे, आणि त्यांवरची अक्षरे त्या खांबांच्या नावांची.
- आडवा आठ. जादूगाराच्या आणि सिंहवाल्या स्त्रीच्या डोक्यावर. अनंताची खूण. मार्सेय संचात त्या जागी रुंद काठाची टोपी आहे, आणि काठाचा आकार साधारण तसाच.
- चार तलवारींचे पान. आडवा पडलेला, हात जोडलेला योद्धा पाहून अनेकांना प्रेत वाटते. जुन्या चर्चमध्ये सरदारांच्या थडग्यांवर असे दगडी पुतळे असतात. विश्रांती, एकांत, थोडी माघार हे त्याचे अर्थ.

चिन्हांचे मूळ संदर्भ वेगळे आहेत, म्हणून काही तुमच्या मनातली दुर्गा पुसून टाकू नका. वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात ‘तिथले’, म्हणजे चिन्हाचा मूळ संदर्भ. दुसऱ्यात ‘माझे’, म्हणजे तुम्हाला काय आठवले. दोन्ही लिहा, पण एकमेकांत मिसळू देऊ नका. माझ्या वहीत सिंहाच्या पानापुढे दुसऱ्या रकान्यात आईच्या देव्हाऱ्यातली तसबीर आहे.

छोट्या पानांसाठी पामेलाकडे बघा

हुकमाच्या पानांविषयी पुस्तके भरभरून लिहितात. खरी मजा मला छोट्या पानांत वाटते. वेट-स्मिथ संचाआधी बहुतेक संचांत तिथे नुसती नाणी-तलवारी मोजून काढलेल्या असत. मोठा अपवाद पंधराव्या शतकाच्या अखेरचा इटलीचा सोला-बुस्का संच. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली, आणि पामेलाची तलवारींची तिर्री त्यातल्या पानाशी इतकी जुळते, की तिने ती पाहिली होती याविषयी शंका राहत नाही. पुढच्या दोन वर्षांतच तिने छोट्या पानांवर प्रसंग उभे केले. या सगळ्या कामाचे तिला अगदी थोडे पैसे मिळाले, आणि कित्येक दशके संचाच्या नावात प्रकाशक आणि वेट होते, ती नव्हती. १९५१ मध्ये ती कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली. तुम्ही तरी या संचाचे नाव घेताना स्मिथ म्हणायला विसरू नका.

तिची पाने वाचताना एक युक्ती वापरा: पात्राला जे दिसत नाही, ते शोधा.

- पेल्यांच्या पंजीत काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहतो. त्याच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत, आणि पलीकडे पूल आहे.
- तलवारींच्या अठ्ठीत डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री तलवारींमध्ये उभी आहे. पाय मोकळे आहेत आणि पुढची वाट उघडी.
- तलवारींच्या दश्शीत पाठीत दहा तलवारी, आणि काळ्या आभाळाखाली पिवळा उजेड.

उलटे पान

पान उलटे निघाले म्हणजे अशुभ, असा नियम कुठल्याही जुन्या संचावर छापलेला नाही. काही जण उलट्या पानांचा वेगळा अर्थ लावतात, काही जण सगळी पाने सुलटी करून घेतात. दोन्ही चालते. शिकताना सुलटीच ठेवा. उलटे चित्र नीट पाहता येत नाही, हे कारण पुरेसे आहे.

संच विकत घेताना

- ‘पहिला संच भेट म्हणूनच मिळावा लागतो’ ही ऐकीव समजूत आहे. स्वतः खुशाल घ्या.
- रस्त्यावर किंवा ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या संचांत चित्रांच्या कडा कापलेल्या आणि रंग बदललेले असतात. निदान ७८ पाने आहेत का, हे मोजून घ्या.
- रंगांवरून मोठे अर्थ काढण्याआधी लक्षात घ्या, की वेगवेगळ्या आवृत्त्यांत तेच आभाळ वेगवेगळ्या रंगाचे असते.
- चित्रे लेखात किंवा वर्गात वापरायची असतील, तर: भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून पामेलाची १९०९ ची मूळ चित्रे आता खुली आहेत. नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या आणि प्रकाशकांची बोधचिन्हे यांना मात्र हे लागू होईलच असे नाही.

पैसे देऊन वाचन करून घेत असाल तर

मन मोकळे करायला कुणी जात असेल, तर मी अडवणार नाही. पण हे लक्षात ठेवा:

- बसण्याआधी शुल्क, वेळ आणि पुढच्या भेटीची सक्ती नसल्याचे लेखी घ्या; व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालेल.
- प्रत्येक अर्थाला ‘हे चित्रात कुठे आहे?’ असे विचारा. सांगता आले नाही, तर तो अर्थ सोडून द्या.
- आजारपण, गरोदरपण, कोर्टाचे काम आणि गुंतवणूक यांचे निर्णय पत्त्यांवर घेऊ नका. त्यासाठी डॉक्टर, वकील आणि सल्लागार आहेत.
- ‘सैतान निघाला, शांती करावी लागेल, इतके हजार द्या’ असे वाक्य आले, की उठा. टॅरोच्या चित्रपरंपरेत उतारा नावाचा प्रकारच नाही.
- पैसे देऊन घेतलेल्या सेवेत फसवणूक झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५; ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील, तर लगेच १९३० वर कळवा.
- पत्त्यांनी किंवा मंत्राने रोग बरा करण्याची जाहिरात दिसली, तर १९५४ चा जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. टॅरो पाहणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलेला नाही. पण भूत लावण्याची धमकी देऊन कुणी घाबरवत असेल, तर त्या कायद्याखाली पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.

तक्रार करायची झाली, तर तारीख, रक्कम, पैसे पाठवल्याची नोंद आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि निघालेल्या पानाचा फोटोही काढून ठेवा. घरी आल्यावर अंगठ्याने नाव झाकून तो एकदा पाहा.